दुसऱ्या गिअरची जागा

आमच्या साडभाऊंचा मी जितका हेवा केला तितका आयुष्यात दुसऱ्या कोणाचा केला नाही, आणि इतक्या मनापासून केलेलं दुसरं काम मला आठवतही नाही. ते खामगावला जिनिंग फॅक्टरीत फिटर, मी चिखलीला शाळामास्तर. त्यांच्याकडे मोटार, माझ्याकडे सायकल. मोटारही साधी नव्हे. फॅक्टरीचा जुना गोरा मॅनेजर विलायतेला परतताना सोडून गेलेली, लालभडक, बिनटपाची, दोनच माणसांची आणि कमालीची पळणारी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि आमच्या बायकोच्या मते त्यातला एकमेव कर्तबगार पुरुष तिच्या थोरल्या बहिणीला मिळाला होता.

साडभाऊंच्या तऱ्हा किती सांगाव्यात! पंगतीत पुरणपोळी खाताना त्यांचा डावा हात मांडीशेजारी गिअर बदलत असायचा. इतक्या वेगाची गाडी, पण पुढे कापसाने भरलेली बैलगाडी आली की हॉर्न वाजवायचे नाहीत. मैलभर तिच्या मागे रांगायचे. "तिच्यावर आपलं पोट आहे मास्तर, तिले बाजूले हो कसं म्हनाव?" म्हणायचे. पण त्यांचा खरा रुबाब होता गिअरच्या दांड्यात. त्याच्या सांध्यांतले बुश, म्हणजे आतल्या कड्या, झिजून दांडा असा डुलायचा की कोणता गिअर कुठं आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक. "पयला तिथंच हाय. दुसरा जरा माह्या गुडघ्याकडे, अन् लाडानं." एका डॉक्टरांनी हट्टानं गाडी मागून घेतली, आणि पुढे जायच्याऐवजी सरळ मागं सरकीच्या ढिगात जाऊन बसले. त्या दिवशी साडभाऊंचा चेहरा काय खुलला होता!

मला ती गाडी एकदा चालवायची होती. आमच्या शिक्षणसंस्थेच्या जीपवर मी हात साफ केला होता, पण त्या डुलत्या दांड्यापुढे ते शिक्षण फुकट होतं. शेवटी एकदा बायको आणि मेहुणी समोर बसलेल्या पाहून मी म्हणालो, "जिनिंगचे एवढे फिटर तुम्ही, आणि घरच्या गाडीचे बुश बदलता येत नाहीत?"

"बुश मुंबईलेही भेटत नाही," ते म्हणाले. पण वार बसला होता. त्यांनी फॅक्टरीतून रेच्याच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, रुळाचं जुनं चामडं आणलं, दोन दिवस एरंडेलात भिजवलं, पंचनं गोल चकत्या पाडल्या आणि गाडीखाली उताणे पडून एकेक सांध्यात बसवल्या. रेच्यात वर्षानुवर्षं घासून न हरणारं चामडं ते. दांडा जागच्या जागी खटकन बसू लागला.

मग मी गाडी चालवली. पार चिखली रस्त्यापर्यंत नेली. शेजारी बसलेल्या साडभाऊंचा हात सारखा दांड्याकडे जायचा आणि मांडीवर परत यायचा. पुढे डॉक्टरांनी चालवली, वकिलांनी चालवली, फॅक्टरीचा कारकूनही एक चक्कर मारून आला. "आता थे कोनाचंही आयकते," साडभाऊ एकदा म्हणाले. पंगतीत त्यांचा डावा हात गप्प पडलेला मी पाहिला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

दिवाळीला गेलो तर दांडा पुन्हा डुलत होता. "घासले बाप्पा बुश. चामडं थे चामडंच," ते दुसरीकडे बघत म्हणाले. काच पुसायला फडकं हवं म्हणून मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. फडक्यात गुंडाळलेल्या त्याच चकत्या होत्या. तेलकट, गोल, कुठंही न झिजलेल्या. मी त्या होत्या तशा गुंडाळून ठेवल्या आणि गाडीत बसून मुद्दाम दांडा असा ओढला की गिअरच्या दातांचा खडखडाट झाला.

"छे, साडभाऊ! दुसरा कुठं गेला?"

"सरका तिकडं, मास्तर!"

किती दिवसांनी तो चेहरा तसा खुलला. आम्ही बुलढाण्याचा घाट चढून आलो. संध्याकाळी बायको म्हणाली, "भाऊजींसारखी गाडी कोणाला चालवता यायची नाही." मी मान हलवली. खरं सांगायचं तर पोटात तेव्हाही दुखलंच.

आता साडभाऊ नाहीत. हेवा करावा असं माणूसच उरलं नाही, आणि त्यावाचून मला करमत नाही.