जिभेला न कळलेला गाळ

नाशिकहून निघाले तेव्हा पर्समध्ये दोन गोष्टी होत्या. सुलभासाठी घेतलेला चिवडा आणि तिच्या वाडीतल्या मातीचा अहवाल. चिवड्याचं तिला फोनवर सांगून झालं होतं. अहवालाचं सांगायला धीर झाला नव्हता.

सुलभा माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन वसईकडच्या वटार गावात गेली आणि तिथल्या वाडीत (घराभोवतीच्या बागायतीत) रमली. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. दिवाळीनंतर तिच्या वाफ्यातला पालक पिवळा पडायला लागला, तेव्हा तिने मातीच्या दोन पिशव्या माझ्याकडे पाठवल्या. "बघ गं, कुठलं खत कमी पडतंय." खत कुठलंच कमी नव्हतं. मला शंका आली म्हणून जुन्या सहकाऱ्यांकडून धातूही तपासून घेतले. शिसं, कॅडमियम, क्रोमियम. आकडे वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

भिवंडीला गाडी बदलली. कामणजवळ टायर पंक्चर झाला आणि आम्ही सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्या मागे पत्र्याच्या शेडी. चहाच्या टपरीमागून एक नाला वाहत होता. त्याचं पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवं होतं.

"हे असंच असतं का?" मी चहावाल्याला विचारलं.

"नाय मॅडम, कलर चेंज होतो. परवा लाल होता." त्याने कप पुढे केला. "पत्र्यावर पॉलिश मारतात, जुन्या बॅटऱ्या फोडतात. सब इधरच सोडतात."

"आणि जातं कुठे?"

"खाडीत. भरती आली की सगळं साफ."

साफ! तीस वर्षं मी माती तपासली. पाण्याबरोबर आलेला धातू कुठे नाहीसा होत नाही, तो खाली बसतो आणि चिखलाला चिकटून राहतो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो बिचारा चहा विकत होता, नाल्यात ते पाणी त्याने सोडलं नव्हतं. इथून थोडं पुढे चिंचोटी. पावसाळ्यात तिथल्या धबधब्याखाली उभं राहायला लांबून लोक येतात. डोंगराने एवढं स्वच्छ पाणी खाली पाठवायचं आणि माणसाने त्याचं हे करायचं! चहा मला गोड लागला नाही.

वटारला रिक्षातून उतरले आणि डोळे निवले. केळी, नारळ, सोनचाफा, मध्ये बावखल (गोड्या पाण्याचं जुनं तळं). सुलभाच्या फाटकावर हाताने रंगवलेली पाटी होती: 'विषमुक्त ताजी भाजी. रासायनिक खत नाही.' विरारच्या फ्लॅटमधली माणसं रविवारी इथे रांग लावतात, हे तिने मला किती कौतुकाने सांगितलं होतं. ती पाटी वाचून मी पर्सची चेन नीट लावून घेतली.

जेवल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. पण सुलभाने पानात वाढलं ते अळू. परसातलं, सकाळीच काढलेलं.

"सुलभा, अळू नको."

"का गं? तुला तर किती आवडतं!"

"तूही खाऊ नकोस. थांब जरा." आणि मी पर्समधून कागद काढला.

तिचे यजमान दिगंबरराव समोरच बसले होते. शांत, काटक माणूस. त्यांनी कागद वाचला आणि हसले.

"ताई, काहीतरी गल्लत झाली असेल. आमच्या वाडीत शिसं कुठून येणार? पंचेचाळीस वर्षांत खताची एक गोणी या फाटकातून आत आलेली नाही."

"मग बाहेरून दुसरं काय आलं?"

ते उठले. मग चपला न घालताच मला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे काळ्या गाळाचा ढीग होता, निम्मा वापरून झालेला.

खाडीचा गाळ वाडीला घालायचा, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. गाळ आणायचा, एक पावसाळा उघड्यावर ठेवायचा, म्हणजे त्यातला खार धुऊन जातो. मग चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचं. खारट लागला तर आणखी एक पावसाळा थांबायचं. नाही लागला तर झाडांना घालायचा. गेल्या वर्षी खाडी उपसणाऱ्या ठेकेदाराने ट्रक भरून गाळ फुकट आणून दिला, तेव्हा यांना आनंदच झाला.

"वडिलांनी शिकवलंय हे. बघा, खार अजिबात नाही," असं म्हणत मी अडवायच्या आत त्यांनी चिमूटभर गाळ जिभेवर ठेवलासुद्धा.

मी ओरडलेच. "थुंका आधी! शिसं जिभेला कळत नाही हो!"

ते थुंकले. सुलभाने पाणी आणून दिलं. चूळ भरून ते पायरीवर बसले आणि अळूच्या वाफ्याकडे बघून म्हणाले,

"म्हणजे मी दर रविवारी लोकांना हेच विकत होतो."

मला भयंकर राग आला. या माणसाने रीत पाळली, सगळं वाडवडिलांनी शिकवलं तसं केलं. फक्त खाडी वडिलांच्या वेळची राहिली नव्हती, आणि हे त्याला कोणीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही तिघं खाडीवर गेलो. माझी चप्पल चिखलात रुतली आणि पट्टा तुटला. एक म्हातारी बाई गुडघाभर चिखलात हाताने शिवल्या (शिंपल्या) शोधत होती. शेजारची टोपली जवळजवळ रिकामी.

"मिळतात का मावशी?"

"मिलतात, पन निम्म्या मेलेल्या. आतून काल्या." तिने एक उघडून दाखवली. "साहेब लोक आलते मागं. बाटलीत पानी भरून नेलं. मी म्हनलं, वरचं पानी काय नेता, चिखलात हात घाला की! कोनी घातला नाय."

तिने एका वाक्यात माझी तीस वर्षांची नोकरी सांगितली.

तिथून आम्ही सरळ प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय गाठलं. दिगंबररावांनी सोबत केळीच्या पानात ढिगातला गाळ बांधून घेतला होता. साहेबांनी फाईल उघडली. "पाण्याचे नमुने मर्यादेत आहेत. काळजीचं कारण नाही."

"आणि गाळाचे?" मी विचारलं.

"गाळ तपासणं आमच्या कक्षेत येत नाही, मॅडम. अर्ज देऊन ठेवा."

दिगंबररावांनी पान टेबलावर उलगडलं. आवाज अजिबात चढवला नाही. "साहेब, मी हा काल जिभेवर ठेवला होता. तुम्ही नुसता हातात घ्या."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "अहो, हे काय! उचला आधी ते!"

काळजीचं कारण नव्हतं, पण बोटही लावायचं नव्हतं! मी अर्ज लिहिला, अहवालाची प्रत जोडली, पोच घेतली.

दोन दिवसांनी मी निघताना सुलभाने नेहमीसारखी पिशवी भरली नाही. रिकाम्या हाताने निरोप द्यायची तिला लाज वाटत होती, डोळे भरून आले होते. फाटकाशी दिगंबरराव शिडी लावून पाटी उतरवत होते. त्या दिवशी रविवार होता. दोन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन आली होती. त्यांना ते एकच वाक्य सांगत होते: "माझ्याकडून चूक झाली, भाजी बंद आहे, आधी नेलेली असेल तर खाऊ नका."

चूक त्यांची! ज्यांनी नाल्यात हे विष सोडलं त्यांच्यापैकी कोणी असं फाटकात उभं राहिलं असतं का?

घरी आल्यावर तुटकी चप्पल धुवायला न्हाणीघरात गेले. काळं पाणी वाहायला लागलं आणि माझं लक्ष नळाकडे गेलं. नवाकोरा, आरशासारखा चकचकीत. त्याला पॉलिश कुठल्या पत्र्याच्या शेडीत मारलं असेल, हे मी दुकानात विचारलं नव्हतं. मी नळ बंद केला आणि उरलेला चिखल गटारात जाऊ न देता कागदात खरवडून ठेवला.

आठवड्याने सुलभाचा फोन आला. अर्जाला उत्तर नाही. अळू उपटून वेगळं ठेवलंय, वाफ्याची माती वरून काढायला घेतली आहे.

"सकाळी हे खणत होते," ती म्हणाली. "सवयीने चिमूट उचलली, हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग मला विचारतात, सुलभा, आता मी कशाने ओळखू?"