पावणं, दमानं उठा

कोल्हापुरात माणसाला खुर्चीवरून सुखानं उठू न देणारा इसम एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडावा, याला काय म्हणावं! दाजी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रिया शिकवायचे. एवढं मोठं शरीर पडलेलं असताना यांचा जीव जडला तो मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी चहा पिऊन मी उठायला लागलो, की यांचा पंजा वर आलाच. "पावणं, दमानं! उभारलं की रक्त पायाकडं पळतंय. वरच्या वाहिन्यांना सैल व्हायला जरा सवड द्या की!" मग मी अर्धा उठलेला, अर्धा बसलेला, आणि यांचं व्याख्यान सुरू. दाब चढला की त्या वाहिन्या आवळतात, उतरला की सैलावतात, आणि मेंदूला हवं तेवढंच रक्त पोचवतात. "सांगणारं कोण न्हाय, बघणारं कोण न्हाय, पर काम एकदम चोख!" डोक्याच्या ज्या भागाला काम पडतं तिकडं म्हणे त्या जास्त रक्त सोडतात. "तुमच्या डोस्क्यात मात्र कुठनंच मागणी येत न्हाय," असं वर मलाच ऐकवायचे. तेवढ्यात माझी बस निघून जायची.

माझ्या लग्नात तर कहर केला. आम्ही नवरा-बायको थोरामोठ्यांच्या पाया पडत होतो आणि हे दर नमस्काराला आमच्या पाठीवर हात ठेवून "हळू, हळू, एकदम वर यायचं न्हाय" म्हणत होते. पंगत खोळंबली, फोटोग्राफर वैतागला. आमच्या अल्बममध्ये आजही आम्ही दोघं बहुतेक फोटोंत कमरेत वाकलेलेच आहोत. एकदा कोडोलीला शेतावर मटणाचा बेत होता. लाकडं ओली निघाली, आणि चूल फुंकता फुंकता अक्काला गरगरायला लागलं. बायका लिंबू उतरायला धावल्या. दाजी जागचे हलले नाहीत. "काय झालं न्हाय तिला. जोरजोरात फुंकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय, म्हणून वाहिन्या आवळल्यात. गप बसू दे, सुटतील आपोआप." अक्का खरंच सावरली. पण सगळे यांचं ऐकत बसल्यानं चूल विझली आणि आम्ही दही-भाकरीवर भागवलं.

हे सगळं सोसलं असतं. खरा वैताग गोळीचा. यांचं स्वतःचं ब्लड प्रेशर चढलेलं, डॉक्टरनं गोळी दिलेली, आणि हा पठ्ठ्या ती घ्यायलाच तयार नाही! अक्का सकाळी ताटाशेजारी गोळी ठेवायची आणि ती तुळशीच्या कुंडीत सापडायची. "माझ्या वाहिन्या समर्थ हायत," हे उत्तर ठरलेलं. एकदा मी भडकलोच. "अहो दाजी, त्या वाहिन्यांना काही मर्यादा असेल की नाही?"

"हाय की! दाब फार चढला तर त्यांचं काय चालत न्हाय. पयल्याच तासाला शिकवतो मी."

"मग तुमचा दाब त्या मर्यादेत हाय का?" अक्कानं आतून विचारलं.

"आता तू मला शिकवणार व्हय?" म्हणून खो खो हसले. गोळी ताटाशेजारी तशीच. असा संताप आला होता मला! आणि अक्का, बिचारी, पदराला हात पुसत नुसती दारात उभी राहिली.

मग एका सकाळी शर्टाची बटणं लावताना यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मेंदूतलीच एक बारीक वाहिनी फुटली होती. जीव वाचला. आता अक्का गोळी भरवते आणि दाजी निमूट गिळतात.

गेल्या रविवारी गेलो होतो. ज्या घरात मला तोंड उघडायला मिळायचं नाही, तिथं मी एकटाच बोलत होतो. पावसाचं झालं, उसाचं झालं, मग विषयच संपले. दाजी नुसते बघत होते. मला ते बघवेना. "येतो दाजी," म्हणून मी झटकन उठलो.

त्यांचा डावा पंजा वर आला.

मी खाली बसलो. ते माझ्याकडं बघत राहिले, पंजा तसाच हवेत. "बस रं जरा," अक्का म्हणाली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. गेली तर जाऊ दे म्हटलं, आणि दाजींचा हात खाली येईपर्यंत मी काही उठलो नाही.