एका साउंडची चार बिऱ्हाडं

मी नवागाममध्ये घराच्या ओसरीवर इंग्रजीच्या शिकवण्या घेते. एकदा मुलांना ‘साउंड स्लीप’चा अर्थ विचारला. पुढं बसणारी चुणचुणीत मुलगी म्हणाली, “घोरणं.” बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मी चिडले, मला चिडायला वेळ लागत नाही. पण तिचं कुठं चुकलं ते सांगायला गेले आणि माझंच घोडं अडलं. गाढ झोपेत आवाज कुठून आला, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मुलं गेल्यावर मोठा शब्दकोश काढला. तर काय, आपण ज्याला एक शब्द समजत होतो तिथं चार निघाले. आवाजाचा साउंड लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, आणि त्याच्या शेवटचा ‘ड’ लोकांनी बोलता बोलता उगीच चिकटवलेला. धडधाकट, भक्कम या अर्थाचा साउंड जुन्या इंग्रजीतला. गाढ झोप त्याच्या घरची. तिसरा समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीचा, मुळात पोहण्यावरून आलेला. चौथा खलाशांचा, दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं आणि तळ किती खोल आहे ते बघायचं, त्या कामाचा. आमच्या चाळीत असंच आहे. बाहेर पाटी एक, आत कुणी धुळ्याचं, कुणी नंदुरबारचं, कुणी जळगावचं बिऱ्हाड, आणि भेट काय ती नळावर. मला ते वाचून फार मजा वाटली.

मग बापू कामावरून आले आणि मजा जरा ओसरली. बापू म्हणजे माझे वडील. उधन्याला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, त्यांचा जन्म गेला. कारखान्याला इकडे खातं म्हणतात. खात्याच्या आत माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. सगळं बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून. बापूंचे कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, बाकी तब्येत ठणठणीत आहे, कानाची नस तेवढी गेली. शब्दकोशात जे दोन शब्द एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते, त्यांतल्या आवाजवाल्यानं आमच्या घरी धडधाकटवाल्याचा घास घेतला होता. मला त्या दिवशी पुस्तकाचा राग आला.

बापूंना ऐकू जावं म्हणून आई मोठ्यानं बोलते. आईच्या वर आवाज काढायचा म्हणून आम्ही बहिणी मोठ्यानं बोलतो. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून बापू सगळ्यांच्या वर. “जेवण व्हयनं का?” एवढं विचारलं तरी गल्लीच्या टोकाचा पानवाला “हो” म्हणेल. आमच्या आजूबाजूची सगळी घरं खात्यातली, सगळी अशीच. आपण ओरडतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कोण?

त्याच सुमारास धाकटीला स्थळ आलं. मुलगा धुळ्याकडचा, शाळेत शिक्षक. लांबचे एक मामा मध्यस्थ होते. बाजारात उठबस असलेला माणूस, म्हणाले, “पार्टी एकदम साउंड आहे.” मी मनात म्हटलं, हा दुसरा बरं का, भक्कमवाला. धाकटी आणि तो मुलगा आधीच फोनवर बोलत होते. धाकटी सहसा कशावर खूश होत नाही, चहालाही नाव ठेवते. पण ती चक्क गुणगुणत भांडी घासायला लागली, तेव्हा आम्ही काय ते समजलो.

पाहुणे आले. मुलाचे वडील इतकं हळू बोलायचे की मलाच पुढं वाकावं लागत होतं. त्यांनी बापूंना गावाकडचं काहीतरी विचारलं. बापूंना ओठ दिसले नाहीत, पाहुण्यांच्या मिशा दाट होत्या. बापूंनी अंदाजानं ठोकून दिलं, “नाही! तसलं काही नाही आमच्याकडे!” आई आतून ओरडली, “अहो, ते शेतीचं विचारताहेत!” बापू म्हणाले, “काय?” मी म्हणाले, “शेती, शेती!” मग बापू खुशीत येऊन विहिरीपासून बांधापर्यंत सगळं सांगत बसले, हात उडवून उडवून. पोहे छान झाले होते. पाहुणे गेल्यावर आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. “मुलगी पसंत आहे. पण ते म्हणतात, घरात तंटा दिसतो. आमच्यासमोर एवढी हमरीतुमरी, तर मागे काय होत असेल? भांडखोर घरची मुलगी नको.”

मी फोनवरच सुरू झाले. भांडखोर? आम्ही? आणि माझं मलाच ऐकू आलं. धाकटी ताट सारून उठली. पाहुण्यांनी आमच्या घरात तासभर दोर सोडून तळ पाहिला होता आणि त्यांना तिथं भांडण लागलं होतं. वाईट मला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. बापू समोरच बसले होते. त्यांनी माझे ओठ वाचले होते.

त्या दिवसापासून बापू हळू बोलायला लागले. हळू म्हणजे किती हळू, हे त्यांना कळणार कसं? नुसते ओठ हलायचे. आई म्हणायची, “अहो, काय म्हणताय?” की ते हातानं राहू दे म्हणायचे. जन्मभर मी या माणसाला ‘बापू, हळू’ म्हणत आले, आणि आता ते हळू झाले तर घर खायला उठलं. धाकटी दोन्ही बाजूंनी जळत होती. लग्न मोडतंय, आणि बाप आपल्यापायी मुका झालाय.

शेवटी तिनंच मुलाला फोन केला. म्हणाली, “तुमच्या वडिलांना एकदा बापूंच्या खात्यात घेऊन या. मग नाही म्हणा, मी काही बोलणार नाही.” मला वाटलं, येतात कसले. पण मुलगा शब्दाचा पक्का निघाला.

मीही गेले होते. दोन लूमांच्या मधल्या वाटेत मुलाचे वडील उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येईना. बापूंनी पलीकडच्या कारागिराला बोटांनी काहीतरी सांगितलं, तो हसला आणि चहा आला. घरी गप्प झालेला माझा बाप तिथं घडाघडा बोलत होता, एक अक्षर न उच्चारता. बाहेर रस्त्यावर आल्यावर मुलाचे वडील मुलाला म्हणाले, “गाडी कुठं लावली रे?” अख्खा रस्ता वळून बघायला लागला. ते गोंधळून आपल्याच तोंडाला हात लावून उभे राहिले. मग बापूंकडे बघत राहिले.

स्थळ पुन्हा जुळलं. बापूंचा आवाज मात्र परतला नाही.

आमच्याकडे साखरपुड्याला मुलीच्या बापानं चार लोकांत उभं राहून ‘मुलगी दिली’ असं तोंडानं म्हणायचं असतं. त्याशिवाय सुपारी फुटत नाही. बापू उठले. ओठ हलले. मंडपात कुणालाच काही कळलं नाही. मामा म्हणाले, “पुन्हा एकदा.” पुन्हा नुसते ओठ. माणसं कुजबुजायला लागली आणि धाकटीचा चेहरा उतरला.

तेव्हा मुलाचे वडील जागेवरून उठले. मिशा त्यांनी बारीक कापून आणल्या होत्या. ते बापूंच्या अगदी समोर, ओठ दिसतील असे उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, “जोरमा बोला, व्याही. आमले ऐकनं शे.”

बापूंनी एकदा धाकटीकडं बघितलं. मग छाती भरून ओरडले, “दिन्ही! मन्ही पोर तुमले दिन्ही!” मंडपातली लहान मुलं दचकली. आणि बापू रडायला लागले, तेही तसंच, मोठ्यानं. त्यांना कुणीही हळू म्हणालं नाही.