काटक म्हणे!

माझी पाळी आली तेव्हा सरांनी स्टिकरच्या डबीचं झाकण लावलं.

डबी अर्धी भरलेली. मी बघत होते ना! माझ्या आधीच्या सगळ्या पोरांच्या खांद्यावर, कमरेवर, गुडघ्यावर ते पांढरे गोल ठिपके चिकटवलेले. त्यांची बॉलिंग कॅमेऱ्यात घेतली, मग लॅपटॉपवर हळू करून दाखवली. पाय असा पडतोय, कंबर तशी वळतेय, बदल, नाहीतर पाठ जाईल. घोडबंदर रोडची भारी क्रिकेट अकॅडमी, बड्यांच्या पोरांची. मी कोपरीची, फी माफ असलेली फास्ट बॉलर.

"सर, माझं राहिलं."

सर हसले. खवचट नाही, प्रेमानं हसले. त्याचाच राग येतो अजून.

"तुला कशाला गं? तुमची माणसं मुळातच काटक. ह्यांची हाडं नाजूक."

तुमची माणसं. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलेलं. सांगितल्यावर नुसतं "अच्छा" म्हणालेले. तो अच्छा मला त्या दिवशी कळायला हवा होता. पण काटक म्हटल्याचं मला, मूर्खाला, चक्क बरं वाटलं. घरी सांगितलं तर आईपण खूश. "आहेसच काटक, माझ्यावर गेलीस." आई हॉस्पिटलात आया आहे. पेशंट उचलून उचलून तिची कंबर कामातून गेलीय. बाम चोळून झोपते आणि सकाळी उठून परत काटक होते.

मग सर नेटमध्ये मलाच जुंपायला लागले. स्टिकरवाल्यांना मोजक्याच ओव्हर, त्यांची पाठ जपायची म्हणून. उरलेल्या सगळ्या माझ्या. "टाक गं, काटक!" नावच पडलं.

पाठ दुखायला लागली. खाली, डाव्या बाजूला. शिंकलं तरी कळ. आईनं तिच्या हॉस्पिटलातल्या फिजिओ मॅडमकडे नेलं. एमआरआय झाला. हाडाला चीर पडायला लागलेली. आईच्या मोबाइलमध्ये माझ्या मॅचचा एक व्हिडिओ होता, मॅडमनी तोच हळू करून दाखवला. पुढचा पाय आपटतो तेव्हा माझी कंबर बॅट्समनकडे आणि खांदे भलतीकडे. मधल्यामध्ये पाठ. ओला कपडा पिळतात तशी, प्रत्येक बॉलला.

"हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "आधी कुणी पाहिलं नाही?"

मला झाकण लावलेली डबी आठवली. डोकंच फिरलं.

शनिवारी मॅच होती. मी सरांपुढे रिपोर्ट धरला. त्यांनी उघडलासुद्धा नाही. "आजचा दिवस ढकल गं. काटक आहेस तू." आणि नवा बॉल माझ्या हातात दिला.

बाजूला पोरांचे आईबाप खुर्च्या टाकून बसलेले. मी वाकले आणि बॉल सरांच्या पायाशी ठेवला. वाकताना अशी कळ आली की ओरडले. मुद्दाम नाही ओरडले. पण दाबलंही नाही, पहिल्यांदाच.

"मी काटक नाही, सर. मला दुखतं."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाहीच येणार!"

आता हाड भरेपर्यंत बॉलिंग बंद. पहिला वेग परत येईल का, मॅडम सांगत नाहीत. घरात जीव रमत नाही. नुसती येरझारा घालते, परत तोच व्हिडिओ लावते, थांबवते. पाय कुठे, कंबर कुठे, खांदा कुठे. डोळे मिटले तरी तेच.

परवा आई बाम चोळताना म्हणाली, "आपण काटक म्हणून तर टिकलो गं." मी तिचा हात धरला. "आई, तुला दुखतंय का?" तिनं बामची डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "दुखतंय गं. खूप दुखतंय." इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी परत बॉल टाकणार. कंबर-खांदा एका रेषेत आणून, नव्यानं शिकून टाकणार. समोर कॅमेरा लावल्याशिवाय एकही टाकणार नाही. आणि कुणी "काटक" म्हणालं, तर रनअप अर्ध्यात सोडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहणार.