पालापाचोळ्याला लाल टॅग

"काकू, तुमचं जंगल पिवळं पडलंय. दिवाळीपर्यंत सुधारलं नाही तर तिथं ट्रकचं पार्किंग करतो," चाकणच्या एका कंपनीतले प्लांट हेड म्हणाले.

माझी मोशीला नर्सरी. त्यांच्या पेंट शॉपमागचं, म्हणजे रंगकामाच्या शेडमागचं, ते दाट जंगल मीच लावलेलं. करंज, जांभूळ, बहावा. पोरांसारखी वाढवलेली झाडं, अशी कशी सोडायची?

हाऊसकीपिंगचे गायकवाड सोबत आले. लातूरकडचा माणूस, कामाला वाघ.

"युरिया?" मी विचारलं.

"दर महिन्याला. डोस बी वाढवला."

खाली बघते तर जमीन अंगणासारखी झाडलेली.

"पाला कुठं जातो हो?"

"फाइव्ह-एस हाय ना काकू. पाल्याला ऑडिटरनं लाल टॅग लावला. तवापासून रोज उचलतो."

फाइव्ह-एस म्हणजे कारखान्याची शिस्त. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, नको ते बाहेर. नको त्याला लाल टॅग. शॉपफ्लोअरवर, यंत्रांपाशी, उत्तमच. पण जंगलात पाला म्हणजे जेवण. मातीतले बारके जीव आणि बुरशी तो कुजवतात, तेव्हा त्यातलं पोषण मुळांना मिळतं. नुसता युरिया देणं म्हणजे ताटात भाकरी नाही आणि मीठ वाढत जायचं.

हे सांगितल्यावर प्लांट हेड साहेब म्हणाले, "प्रूफ द्या."

सुती कापडही मातीतले जीव पाल्यासारखंच खातात. मशीन पुसायच्या सुती कापडाचे दोन तुकडे गायकवाडांनी आणले. एक झाडलेल्या जागी पुरला, दुसरा भिंतीलगत, जिथं झाडू पोचत नाही तिथं. पाऊस चालूच होता. काही आठवड्यांनी साहेबांसमोर उकरले. पहिला नुसता मळलेला. दुसऱ्याची जाळी झालेली, तिच्यातून बुरशीचे पांढरे धागे गेलेले. साहेब ती जाळी हातात घेऊन बघतच राहिले.

"हे कुणी केलं?"

"आपलेच कामगार, साहेब," गायकवाड म्हणाले. "दिसत न्हाईत, ओव्हरटाइम बी मागत न्हाईत."

साहेब हसले. "पण ऑडिटरला काय सांगू?"

त्यावर गायकवाडांनी जे केलं त्याला तोड नाही. जंगलाभोवती, शॉपफ्लोअरवर वस्तूंच्या जागा आखतात तशी, पिवळी रेघ मारली आणि पाटी लावली: 'पालापाचोळा. ठरलेली जागा.' युरिया बंद केला. कॅम्पसभरचा पाला आणून आत पसरला.

दिवाळीला जांभळांना तांबूस पालवी होती. पार्किंगचा विषय साहेबांनी काढला नाही. ऑडिटर आला, पाटी वाचली, रेघेबाहेर पडलेल्या एका पानाला टॅग लावून गेला. गायकवाडांनी ते पान उचलून आत ठेवलं.

तेव्हापासून मी कुठंही गेले की खताचं नंतर विचारते. आधी झाडू कुठवर फिरतो ते बघते.