रिमार्क्स : भोरड्या गेल्या

बाभळीखाली पोळीचे तीन तुकडे पडले होते. तीन दिवसांचे. एकालाही चोच लागलेली नव्हती.

मी भिलाई-३ जवळच्या एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या भट्टीसाठी कोळशापासून गॅस बनतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग; माणूस बसल्या जागी गुंगतो आणि संपतो. हा गॅस पाइपातून बाहेर पडू नये म्हणून वाटेत पाण्याची टाकी असते, तिला सीलपॉट म्हणतात. पाणी आटलं की गॅसला वाट मोकळी.

सीलपॉटशेजारी खोलगट जागेत ती बाभूळ. होळीपासून तिच्यावर भोरड्या उतरायच्या, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. परतीच्या वाटेवरच्या. असा कलकलाट की फोनवर बोलणं मुश्कील. गॅस ऑपरेटर भाऊराव, मूळ गोंदियाकडचे, रिटायरमेंटला वर्ष उरलेलं. दुपारचा डबा तिथंच खायचे, पाखरांना तुकडा टाकायचे. आणि लॉगबुकच्या रिमार्क्समध्ये हा माणूस लिहायचा, 'भोरड्या आल्या.' एप्रिल सरताना, 'भोरड्या गेल्या.' ऑडिटरसमोर माझी मान खाली. किती वेळा ओरडले असेन!

यंदाही ती ओळ होती, तीन दिवसांपूर्वीची. पण हे तुकडे दिसले त्याच सकाळी कँटीनमागच्या पिंपळावर मी अख्खा थवा पाहिला होता. म्हणजे गेल्या होत्या त्या फक्त या झाडावरून.

वर पाहिलं. चिमणी नाही, खार नाही. वाराही पडलेला. भर दुपारी अंगावर काटा आला.

"भाऊराव, कावळाही येत नाही का इथं?"

"सीझन सरला न मॅडम." ते हसले. उगाचच, बराच वेळ हसत राहिले. "मले तं तीन दिवसांपासून डोकं दुखून राहिलं. उन्हाची लू लागली असंन."

मी सीलपॉटकडे पाहिलं.

"उठा!"

"डबा तं खाऊ द्या."

"उठा म्हणते ना!"

दंड धरून ओढलं. त्यांचे पाय लटपटत होते. कंट्रोल रूममध्ये बसवलं, ॲम्ब्युलन्स मागवली. माझा गॅस मीटर तिथंच टेबलावर चार्जिंगला होता. सेफ्टी ऑफिसरचा मीटर, टेबलावर! अजून लाज वाटते.

भट्टी बंद करा म्हटलं, तसे मॅनेजर तडकले. "पाखरं दिसत नाहीत म्हणून भट्टी बंद करू? टाकीच्या काचेत पाण्याची लेव्हल फुल दिसून राहिली."

"पाच मिनिटं द्या."

मास्क चढवला, हवेचा सिलिंडर पाठीला लावला. झाडाच्या बऱ्याच अलीकडे मीटर किंचाळायला लागला. टाकीच्या काचेत पाण्याची रेघ बरोबर जागेवर होती. मी काच ठोकली. रेघ हलली नाही. तो जुन्या पाण्याचा डाग होता.

खाली टाकीच्या सावलीत दोन भोरड्या पडल्या होत्या. पंख मिटलेले, झोपल्यासारख्या. पोळीचा तुकडा चोचीपासून वीतभर.

मीटरवरचा आकडा दाखवल्यावर मॅनेजरनी स्वतः भट्टी बंद करवली.

भाऊराव दोन दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. कामावर आल्या आल्या त्यांनी लॉगबुक मागितलं. 'गेल्या' खोडलं, 'दिसल्या नाहीत' लिहिलं.

"गेल्या म्हटलं का मानूस पाहाले जात नाई, मॅडम."

आता ऑडिटर त्या ओळीवर बोट ठेवतो, तेव्हा मी मान खाली घालत नाही. मीटर मात्र कमरेलाच असतो, डबा खातानाही.