शोभाची चौदा तारीख

फोन आला तेव्हा गॅसवाला दारात होता. मी सिलिंडर नेहमी वजन करून घेते. गल्लीत असं करणारी मी एकटीच, म्हणून तो कंटाळतो, पण काटा न विसरता आणतो. त्यानं सिलिंडर काट्याला अडकवलं आणि त्याच वेळी शोभाच्या नवऱ्याचा, हिवराळे भाऊजींचा, आवाज कानात आला, "ताई, शोभा गेली. पहाटं... झोपेतच." मी "बरं" म्हणाले. मग "येते" म्हणाले. फोन ठेवून गॅसवाल्याला म्हटलं, आकडा वाचायचा राहिला, पुन्हा उचल. त्यानं उचललं. वजन बरोबर होतं. पैसे दिले, सिलिंडर आत लावलं, साबणाचं पाणी फिरवून गळती नाही ना ते पाहिलं, आणि मग चप्पल घातली. तिचं घर आमच्यापासून तिसरं. या गोष्टीला आता पाच आठवडे होत आले. त्या सकाळी मी जशी होते तशीच अजून आहे. कामं सगळी वेळेवर होतात. कुणी विचारलं, रडलीस का, तर खरं काय ते सांगते. नाही.

शोभा आणि मी एकाच वर्षी हडकोतल्या या गल्लीत राहायला आलो. ती फुलंब्रीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका, मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला. मला आकड्यांशिवाय करमत नाही आणि तिला आकडे ऐकले की जांभई यायची. सुख मानायला तिला फार काही लागत नसे. थंडीत गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसणं, पेरूच्या चार फोडी तिखटमीठ लावून, बशीतला चहा फुंकर मारत. रोजच्या एसटीत तिची जागा ठरलेली होती, उजवीकडची खिडकी. जातानाही उजवी आणि येतानाही उजवीच. मी म्हटलं, असं कसं, एका फेरीला तरी तिथं ऊन नसणार. ती म्हणाली, "तूच काढ हिशोब." मी कागदावर रस्ता काढला. फुलंब्री उत्तरेला, सकाळचं ऊन पूर्वेचं, परतताना तोंड दक्षिणेला आणि ऊन पश्चिमेचं. दोन्ही वेळा उजवी बाजू. "बघ," ती म्हणाली, "मला तर बसल्या बसल्या कळलं होतं. तुला कागद लागला."

आमची मैत्री एका चौदा जानेवारीला सुरू झाली. सासूबाईंनी संक्रांतीचं हळदी-कुंकू ठेवलं होतं. बोलवायच्या बायकांची मोजणी चालली असताना हिवराळ्यांच्या घरापाशी त्या थांबल्या. "ते लोक बौद्ध आहेत. येतात का आपल्यात?" मला आडून विचारता येत नाही. मी सरळ तिच्या दारात गेले आणि म्हटलं, "तुम्ही हळदी-कुंकवाला येता का?"

ती धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "हळद-कुंकू लावून घेत नाय मी. तिळगूळ मात्र लई आवडतो. चालंल का असं?"

"चालेल."

"सासूबाईंना विचारलंत?"

"विचारते."

"मग आधी विचारून या, आणि मग तुम्ही पण माझ्याबरोबर गेटवर चला. तिथं काही लावायचं नसतं, नुसतं उभं राहायचं."

गेट म्हणजे विद्यापीठाचं. चौदा जानेवारीला आमच्या शहरात दोन दिवस एकाच तारखेत येतात. एका बाजूला संक्रांत आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचा नामविस्तार दिन. इतकी वर्षं शहरात राहून मी त्या गर्दीला फक्त रस्ता बंद म्हणून ओळखत होते. त्या दिवशी पहिल्यांदा आत शिरले. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, गावागावांहून पोरंबाळं घेऊन आलेली माणसं, गाणी. शोभा गेटसमोर हात जोडून उभी राहिली, पाच मिनिटंही नाही, आणि मग म्हणाली, "चला, चहा." नामांतराच्या दंगलीत गावाकडचं त्यांचं घर जळालं होतं, तेव्हा ती पाचवी-सहावीत होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, काही वर्षांनी, चहा संपता संपता. "म्हणून ही तारीख मला कुणी दिलेली नाय मंगल. आम्ही घेतलीय." तिनं पुन्हा तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढं आमचा क्रमच ठरला. सकाळी गेट, दुपारी आमच्या गच्चीवर पतंग, संध्याकाळी तिळगूळ. संक्रांत पंधराला आली की दोन दिवस वेगळे पडायचे, आणि तिला चिडवायला निमित्त मिळायचं. "तुमचा सूर्य पुन्हा लेट का? आमची चौदा पक्की असती बघ." मी तिला संक्रमणाचं गणित समजावायला लागले की ती हात पुढं करायची. "आकडे नको सांगू. लाडू दे." सासूबाई तोवर इतक्या निवळल्या होत्या, की पंधराला संक्रांत असली तरी शोभापुरते चार लाडू चौदाला वळून ठेवायच्या. वर म्हणायच्या, "त्या बाईचं तोंड बंद करायला."

तीन वर्षांपूर्वी तिची किडनी गेली. साखर जुनीच होती. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाणी दिवसाला आठशे मिली, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. भाऊजी रोज सकाळी बाटलीत मोजून ठेवायचे. पोटॅशियमपायी पेरू बंद, तिळगूळ जवळजवळ बंद. तिच्या सुखाच्या ज्या गोष्टी होत्या त्यातली एकेक गोष्ट आहारतज्ज्ञ बाईंनी खोडली. फक्त ऊन राहिलं. ती म्हणाली, "उन्हात पोटॅशियम नसतं ना? विचारून ठेव."

या वर्षी चौदा तारीख आणि संक्रांत एकाच दिवशी आली, आणि वार बुधवार. डिसेंबरातच तिच्या ध्यानात आलं होतं. आधीच्या दोन वर्षी तारीख तिच्या डायलिसिसच्या वारी आली नव्हती. भाऊजी म्हणाले, "अगं, गेट कुठं पळून चाललंय का? पुढच्या वर्षी जाऊ."

"गेट नाय पळत," ती म्हणाली. "मी पळाया लागलेय."

भाऊजी उठून आत गेले. ती माझ्याकडं वळली. "मला अख्खा दिवस पायजे मंगल. अर्धा नको. डायलिसिस करून आल्यावर मी माणसात नसते, तुला माहीत आहे. तू काही तरी जुळव. तुझं डोकं त्यातलंच आहे."

मी डॉक्टरांना विचारलं. बुधवारची पाळी गुरुवारी घेता येते का? ते म्हणाले, एक दिवस जास्त जाईल, शनिवार-रविवारी जातो तसाच. पाणी कडक पाळलं तर हरकत नाही. पण गुरुवारी मशीन रिकामं पाहिजे, आणि ते नव्हतं. म्हणजे गुरुवारवाल्या कुणी तरी आपली पाळी सोडून बुधवारी यायला हवं होतं. आणि मग शनिवारपर्यंतचा जास्तीचा दिवस त्या माणसानं काढायला हवा. हे मागायचं कुणाकडं? शोभाला रफिकभाई आठवले. पूर्वी ते तिच्याच पाळीला शेजारच्या पलंगावर असायचे, नंतर मंगळवार, गुरुवार, शनिवारला गेले. गुलमंडीत त्यांचं बांगड्यांचं दुकान. मी गेले तेव्हा एका बाईच्या हातात चुडा भरत होते. पूर्ण बाह्यांच्या शर्टातून डाव्या हाताची डायलिसिसची पट्टी दिसत होती.

"बोलो मंगलबाई. हात लाओ."

"आज बांगड्या नकोत. तुमचा गुरुवार पाहिजे."

मी सगळं सांगितलं, जास्तीच्या दिवसासकट. लपवून मागणं मला जमत नाही. त्यांनी समोरच्या बाईचा चुडा पुरा भरला, तिचे पैसे घेतले, मग म्हणाले, "म्हणजे माझा गुरुवार त्यांना, त्यांचा बुधवार मला. एक दिन पानी मैं भी कम पिऊंगा. और क्या?"

"पण चौदाला तुमच्या धंद्याचं?"

"संक्रांत के दिन कौन चुडी भरता? जे भरायचं ते भोगीपर्यंत. मेरा सीजन तेरा को खतम." मग हळूच विचारलं, "पतंग भी उडाएगी क्या वो?"

"उडवते म्हणते."

"तो जाने दो. हौ बोल दो उनको."

तो दिवस तिला अख्खा मिळाला. सकाळी आठला आम्ही तिघं रिक्षानं निघालो. गेटपासून लांब उतरावं लागलं, ती हळू चालली, तीनदा थांबली. गेटसमोर यंदा ती बराच वेळ उभी राहिली. तिचे दोन जुने विद्यार्थी भेटले, आता बाप्ये झालेले, ते पाया पडायला वाकले तर म्हणाली, "पाढे येतात का अजून?" चहा अर्धा घेतला. तो अर्धा प्यायला तिला एवढा वेळ लागला, की टपरीवाला दोनदा कप न्यायला आला.

दुपारी गच्चीवर भाऊजींचं आणि तिचं भांडण. डाव्या हातात तिची फिस्टुला, म्हणजे सुया टोचायसाठी शीर मोठी करून घेतलेली. तिला मांजा लागला तर रक्त थांबत नाही. भाऊजी म्हणाले, पतंग नाही. ती म्हणाली, उजव्या हातानं उडवते. ते म्हणाले, सवयीनं डावा जाणारच दोऱ्याकडं. "मग धरून ठेवा डावा," ती म्हणाली. आणि भाऊजींनी धरला. मी मागं चक्री घेऊन, ती उजव्या हातानं दोरी खेचतेय, आणि भाऊजी शेजारी तिचा डावा हात दोन्ही हातांनी धरून, निवृत्त एसटी कंडक्टर, सगळ्या गल्लीसमोर, तासभर. समोरच्या गच्चीवरून नाईक वहिनी ओरडल्या, "भाऊजी, पुरे की आता! लग्नात पण एवढा धरला नव्हता!" भाऊजींनी सोडला नाही. तिचा पतंग तिसऱ्या काटाकाटीत गेला. "ढील कमी दिलीस तू," ती मला म्हणाली. मी मुळीच कमी दिली नव्हती.

संध्याकाळी हळदी-कुंकवाला ती आली ती पिशवी घेऊन. इतक्या वर्षांत तिनं कधी वाण दिलं नव्हतं. आमच्याकडं संक्रांतीला बायका एकमेकींना काही तरी घरोपयोगी वस्तू देतात, चमचा, वाटी, गाळणी, ते वाण. ती लांबूनच हसायची, म्हणायची, तुमच्या घरात गाळण्याच गाळण्या. त्या दिवशी तिनं पिशवीतून लहान लहान स्टीलचे ग्लास काढले आणि प्रत्येकीच्या हातात एकेक दिला. शंभर मिलीचे. भाऊजींनी गुलमंडीतून आणले होते, तिनं आधी पाणी मोजून बघून मग घ्यायला लावले म्हणे.

"एवढासा?" नाईक वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांचे तर ओठ पण ओले व्हायचे नाहीत."

"म्हणूनच देतेय," शोभा म्हणाली. "मला दिवसाला असले आठ. मोठ्या ग्लासात कळत नाय काय पितोय ते. ह्याच्यात कळतं."

बायका हसल्या. तिनं छोटासा एक तिळाचा लाडू घेतला, आहारतज्ज्ञ बाईंना विचारून घेतलेला, आणि तो दातांनी न फोडता तोंडात धरून ठेवला.

गुरुवारी डायलिसिसआधी साठलेल्या पाण्याचं वजन नेहमीपेक्षा अर्धा किलोच जास्त भरलं. त्यानंतर पाळ्या नेहमीसारख्या झाल्या, महिनाभर. ती गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं की त्या बदललेल्या पाळीचा काही संबंध? ते म्हणाले, नाही, हृदय थकलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही. रफिकभाईंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पूरा दिन मिला ना उनको?" मी म्हटलं, मिळाला. "बस फिर," ते म्हणाले. मी गेले की भाऊजी उजव्या हातानं बसायची खूण करतात. डावा हात मांडीवर असतो, अर्धा मिटलेला.

गल्लीत आता कुणाकडंही गेलं तरी चहा त्याच ग्लासात येतो. कपाटातल्या गाळण्या, वाट्या कधी वापरात येत नाहीत, पण हे ग्लास प्रत्येकीनं काढलेत. ठरवून नसेल, हाताशी येतात म्हणून असेल. परवा नाईक वहिनींकडं गॅसच्या काट्याबद्दल सांगायला गेले होते, त्यांनाही आता सिलिंडर वजन करून घ्यायचंय. त्यांनी चहा आणला. मी तो घोट घोट घेतला, तरी संपलाच. वहिनींनी विचारलं, "अजून देऊ?" शोभाला तीन वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ग्लास पुन्हा काठोकाठ भरला होता आणि माझ्या हातात होता. स्टील पातळ आहे, चटका बसतो... बोटांना तो बसत होता, मला कळत होतं. खाली ठेवायचं सुचलं नाही.